गिरगावातली चाळ क्लस्टरमध्ये चाललीय, घर मिळतंय पण दुकान पोडियमवर ढकलतायत. सही करायची का?

गिरणीवाला_गिरगाव

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. ठाकूरद्वारच्या बाजूला आमची चाळ आहे, सेसची म्हणजे दुरुस्तीसाठी कर भरणारी जुनी इमारत, ए कॅटेगरी म्हणजे १९४० च्या आधीची. तीन मजले, लाकडी जिना, कॉमन गॅलरी, संडास मागे. वर आमची एकशे ऐंशी फुटांची खोली बाबांच्या नावावर आणि खाली रस्त्याला लागून काकांची पिठाची गिरणी, तीही पागडीचीच (मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेली भाड्याची जागा), आजोबांनी घेतलेली. म्हणजे राहणारे भाडेकरू पण आम्हीच आणि दुकानदार पण आम्हीच, आणि सध्या वाडीत या दोन पार्ट्यांचं अजिबात पटत नाहीये.

झालंय असं की आजूबाजूच्या चाळी एकत्र करून क्लस्टर करायचा प्रस्ताव आलाय. बिल्डरच्या माणसांनी चौकात पडदा लावून सगळं दाखवलं. रस्त्याच्या बाजूला काचेची मोठी शोरूम, त्यावर ऑफिसं, त्यावर पार्किंगचं पोडियम (टॉवरच्या खालचे रुंद मजले), मागच्या अंगाला रिहॅबचा म्हणजे जुन्या भाडेकरूंचा टॉवर आणि पुढे समुद्र दिसेल असा सेलचा म्हणजे बाहेर विकायचा टॉवर. जुन्या दुकानदारांना जागा कुठे, तर पहिल्या मजल्यावर आतल्या बाजूला, एस्कलेटरने वर जायचं. रस्त्यावरचा तळमजला सगळा सेलला. काकांनी उभ्याउभ्या विचारलं की दळणाचा डबा घेऊन सत्तर वर्षांची बाई एस्कलेटरवर चढणार का. लोक हसले, बिल्डरचा माणूसपण हसला आणि पुढची स्लाइड लावली.

आता वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं. वरचे म्हणतात आठ दुकानांसाठी दीडशे कुटुंबं का लटकवताय, खालचे म्हणतात तुम्हाला दुप्पट घर मिळतंय आणि आमचा धंदाच जातोय. संमतीपत्राचे फॉर्म घरोघरी फिरतायत, बाबांना सही करायचीय, काका बोलत नाहीयेत. मला कळत नाहीये की कायद्याने दुकानदाराला नक्की काय मिळतं, आणि बाबांनी सही केली तर काकांची बाजू कमजोर होते का? ज्यांच्याकडे झालंय त्यांनी प्लीज सांगा.

नकाशेवाला_ठाणे

आर्किटेक्ट आहे, म्हाडाच्या रिपेअर बोर्डाच्या फायली बऱ्याच हाताळल्यात म्हणून लिहितो. पहिली गोष्ट, त्या माणसाला एकच प्रश्न विचारा की योजना नियम ३३(७) मध्ये (सेसच्या बिल्डिंगांचा) आहे की ३३(९) मध्ये (क्लस्टरचा). स्लाइडवर क्लस्टर लिहिलं म्हणून क्लस्टर होत नाही. डीसीपीआर २०३४ म्हणजे मुंबईच्या विकास नियमावलीप्रमाणे ३३(९) ला शहर भागात किमान ४००० चौरस मीटर जागा लागते. तेवढी जमत नसेल तर तो एकेक बिल्डिंग किंवा दोन-चार मिळून ३३(७) मध्येच करणार, आणि मग तुम्हाला दाखवलेलं पोडियम, गार्डन, दोन टॉवर हे सगळं जागच्या जागी बदलतं.

फरक घरात पण पडतो. ३३(७) मध्ये किमान ३०० चौ. फूट कार्पेट, त्यावर ३५ टक्के फंजिबल (जादा मिळणारं क्षेत्र) म्हणजे ४०५. हा ४०५ चा आकडा तुम्ही सगळीकडे ऐकत असाल तो इथून येतो. ३३(९) मध्ये किमान ३५ चौ. मीटर म्हणजे साधारण ३७७ फुटांपासून सुरुवात होते. त्यामुळे १८० फुटांच्या खोलीवाल्याला क्लस्टर चांगलं वाटणारच, वरच्या लोकांना उगाच शिव्या देऊ नका.

दुकानाचं मात्र वेगळं आहे. जुन्या जागेत जेवढा कार्पेट होता तेवढाच, किमान बिमान काही नाही. पोटमाळा टाकलाय तो अधिकृत नसेल तर मोजत नाहीत, गिरणीत माळा असेल तर कागद शोधून ठेवा. आणि महत्त्वाचं म्हणजे नियम क्षेत्रफळाबद्दल बोलतो, ते रस्त्याला तोंड करून असेल असं तो म्हणत नाही. तुमच्याकडचा सगळा झगडा खरं तर या एका ठिकाणी आहे, आणि हा झगडा म्हाडात किंवा बीएमसीत जाऊन सुटत नाही, ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेऊनच सुटतो.

संमतीपत्राबद्दल. ते मागे घेता येत नाही, फॉर्मवरच तसं लिहिलेलं असतं, वाचून बघा. ३३(७) ला ५१ टक्के पात्र भाडेकरू पुरतात, आधी ७० लागायचे. यात राहणारे आणि दुकानवाले एकाच यादीत मोजले जातात. तेव्हा दीडशे विरुद्ध आठ असेल तर आठ जणांनी सही नाही केली तरी योजना पुढे जाऊ शकते, आणि एनओसीनंतर जो जागा खाली करत नाही त्याला म्हाडा कायद्याच्या ९५-अ खाली बाहेर काढता येतं. हे काकांना स्पष्ट सांगा. सही न करणं एवढंच हत्यार ठेवून बसले तर शेवटी हातात काही राहणार नाही.

लालबाग_स्टेशनरी

मी दुकानदार. आमच्याकडे असंच झालं, पोडियमवर पहिल्या मजल्यावर मागे गाळा मिळाला. कागदावर जेवढं होतं तेवढंच क्षेत्रफळ, एक फूट कमी नाही, बिल्डरने कुठेही फसवलं नाही. फक्त गिऱ्हाईक येत नाही. शाळेत जाताना पोरगं रस्त्यावरून वही-पेन घेऊन जायचं ते आता खाली शोरूम बघत पुढे जातं. सेंट्रल एसीचं कॉमन बिल वेगळं, लाइट वेगळी, रात्री नऊला शटर पाडायची सक्ती. शेजारचा चप्पलवाला गाळा भाड्याने देऊन गावाला गेला, आता तिथे क्लासेस चालतात. काकांना म्हणावं जागा नाही, तोंड मागा. रस्त्याला तोंड.

मुगभाट_लेन

मला राहवत नाही म्हणून लिहितेय. आमची बिल्डिंग पण सेसची, टेकूवर उभी आहे. टेकू म्हणजे खरोखरचे लोखंडी टेकू, जिन्याच्या खाली, गॅलरीच्या खाली, आणि त्यांना धरूनच पाण्याची हंडी घेऊन वर जायचं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, रात्री संडासला गॅलरीतून चालत जावं लागतं, पावसात तिथे शेवाळ होतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी बिल्डिंग पडली, ३३ माणसं गेली, ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटच्या योजनेतच होती, काही कुटुंबं ट्रान्झिटला म्हणजे तात्पुरत्या घरात गेली होती आणि काही तिथेच राहिली होती. २०१९ च्या जुलैत डोंगरीला केसरबाई. दर पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक बिल्डिंगांची यादी लावते आणि आम्ही आपलं नाव आहे का ते बघतो.

त्यामुळे दुकानाचं तोंड कुठे असावं यावर दोन वर्षं मीटिंगा चालल्यात हे ऐकलं की डोकं फिरतं. दुकानदाराचं घर बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. पाऊस पडला की शटर पाडून तो निघून जातो. आम्ही वर झोपतो.

लालबाग_स्टेशनरी

ताई माझं घर पण त्याच बिल्डिंगमध्ये होतं, मागच्या बाजूला. दुकानदार म्हणजे कोणी शेठ नसतो.

विरार_फास्ट_७.४२

एक गोष्ट कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, शिव्या पडल्या तरी चालेल. माझीच खोली गिरगावात बंद आहे. आम्ही विरारला राहतो, खोलीला कुलूप, भाडं मालकाला वेळच्या वेळी भरतो. आमच्या मजल्यावर अर्ध्या खोल्या अशाच आहेत. संमतीपत्रावर पहिल्या सह्या कोणाच्या झाल्या, तर आमच्या. का नाही होणार, मला तिथे एक दिवस त्रास नाही, टॉवर झाला की विकून मोकळं. म्हणजे त्या ५१ टक्क्यांत रोज पाणी भरणारे किती आणि माझ्यासारखे किती हे एकदा मोजून बघा. वरचे विरुद्ध खालचे असं जे दिसतं ते तितकं सरळ नाहीये, राहणारे विरुद्ध विकणारे असा पण एक भाग आहे.

मुगभाट_लेन

हे मात्र खरंय. आमच्याकडे मीटिंगला सगळ्यात मोठ्याने "लवकर करा" म्हणणारे गृहस्थ बोरिवलीहून येतात.

नायगाव_बारा_नंबर

क्लस्टरवाले नेहमी बीडीडी चाळींचं उदाहरण देतात म्हणून सांगतो, मी बीडीडीचा. १६० फुटांच्या खोलीला ५०० फूट मिळतायत, वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. पण तिथे जमीन सरकारची, बांधणारी म्हाडा, आणि नियम वेगळाच ३३(९)(बी). खाजगी मालकाच्या पागडीच्या चाळीत मालकाचा हिस्सा, बिल्डरचा नफा, बँकेचं व्याज सगळं त्याच एफएसआयमधून (बांधायला मिळणाऱ्या क्षेत्रातून) निघायचं असतं. तेव्हा "बीडीडीला पाचशे मग आम्हाला का नाही" हा मुद्दा मीटिंगमध्ये घोषणा म्हणून ठीक, वाटाघाटीत चालत नाही. आणि आम्हीपण वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत, कोणी ताटात वाढून दिलेलं नाही.

सोसायटी_खजिनदार

मेंटेनन्सबद्दल कोणी बोललंच नाही. मी रिहॅब टॉवरमध्ये राहते, सोसायटीची खजिनदार आहे, माझ्याइतका हा विषय कोणाच्या डोक्यात बसलेला नसेल. चाळीत महिन्याला दीडशे-दोनशे रुपये भाडं भरणारी माणसं एकदम टॉवरमध्ये येतात. लिफ्ट तीन, फायर पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र), मेकॅनिकल पार्किंग (आमच्यातल्या निम्म्यांकडे गाडीच नाही), वॉचमन, जनरेटर. पहिली दोन वर्षं वॉरंटीमध्ये निघतात, मग लिफ्टच्या एएमसीचं (वर्षाच्या देखभाल कराराचं) बिल येतं आणि जनरल बॉडीत हाणामारीची वेळ येते. आमच्याकडे आत्ताच काही लोकांची थकबाकी इतकी आहे की ते घर विकून बदलापूरला जायच्या गोष्टी करतायत.

त्यामुळे कॉर्पस किती हे आधी विचारा. दहा वर्षांच्या देखभालीसाठी बिल्डरने कॉर्पस ठेवायचा हे नियमातच आहे, पण प्रेझेंटेशनमध्ये तो आकडा कधी दिसत नाही. आणि मिक्स्ड योजनेत एक खास भानगड असते. पोडियम कोणाचं? पाण्याची टाकी, पंप रूम, फायरचा रस्ता हे रिहॅबचं, सेलचं की दुकानांचं? तिघांच्या तीन सोसायट्या झाल्या तर कॉमन गोष्टींचं बिल कोण किती भरणार? आमच्याकडे खालच्या ऑफिसवाल्यांचा एसटीपीवर लोड जास्त आणि बिल समान वाटणीत, त्यावरून अजून पत्रव्यवहार चालू आहे.

प्रॉपर्टी टॅक्सची भीती घालतात लोक, ती घरांच्या बाबतीत खरी नाही. मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून टॅक्स माफ आहे, ४०५ वाल्याने टेन्शन घेऊ नये. दुकानाला मात्र माफी नाही, आणि नवीन इमारतीत कॅपिटल व्हॅल्यूने लागतो. तेव्हा काकांचा खर्च तिकडून पण वाढणार.

आणि ट्रान्झिटचं भाडं! गोरेगावची पत्राचाळ विसरू नका. ६७२ भाडेकरू, २००८ चा करार, लोकांनी घरं सोडली, मग भाडं बंद, काम बंद, शेवटी म्हाडाने हातात घेतलं तेव्हा कुठे गाडी हलली. घराबाहेर गेलेली कितीतरी म्हातारी माणसं परत आलीच नाहीत.

झावबावाडी_ते_जर्मनी

मी नगररचना शिकलोय, बालपण गिरगावात. थोडं वेगळं बोलतो. खाली दुकान, मागे कारखाना किंवा छापखाना, वर घरं, चौकात गणपती, हे गिरगाव शंभर-सव्वाशे वर्षं असंच चाललंय. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो तो चौक आहे म्हणूनच ना. त्यामुळे दुकानं आणि घरं एकत्र आणतोय असं बिल्डर सांगतो तेव्हा हसू येतं. तो एकत्र आणत नाहीये, वेगळं करतोय. दुकानं पोडियमच्या पोटात, गाड्या त्यांच्यावर, माणसं दहाव्या मजल्यापासून वर. रस्ता आणि घर यांच्या मध्ये पाच मजल्यांची भिंत उभी राहते. गॅलरीतून हाक मारून खालून कोथिंबीर मागवता येते ती सोय बंद.

मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन ऑक्टोबर २०२५ ला चालू झालं, आता रस्त्यावरचा तळमजला सोन्याचा झालाय, म्हणून तर तो सेलला ठेवलाय. इतकं पार्किंग पण मग कशाला लागतं मेट्रोच्या दारात, हे विचारलं का कोणी?

मुगभाट_लेन

दादा, गॅलरीतून कोथिंबीर मागवणं जर्मनीतून फार छान दिसत असेल. त्याच गॅलरीतून रात्री दोनला संडासला पण जावं लागतं.

झावबावाडी_ते_जर्मनी

मान्य. आईकडे अजून खोली आहे, मला माहितीये ते. मी चाळ ठेवा म्हणत नाहीये, टॉवरच बांधा, पण तळमजला जुन्या दुकानांना द्या आणि शोरूम वर न्या एवढंच म्हणतोय. कपड्यांच्या शोरूमला एस्कलेटर चालतो, गिरणीला नाही.

विरार_फास्ट_७.४२

शोरूम वर नेली तर बिल्डरचं गणित बसत नाही असं तो सांगेल.

नकाशेवाला_ठाणे

सांगणारच. पण सगळा तळमजला कोणी मागत नाहीये. आठ जुनी दुकानं आहेत म्हणतात, सगळी मिळून फार तर हजार-बाराशे फूट होतील. एवढ्या मोठ्या योजनेच्या फ्रंटेजमध्ये ती एका बाजूला, आतल्या गल्लीच्या कोपऱ्यावर का होईना, रस्त्याच्या लेव्हलला बसतात. मी बसवलीयेत. बिल्डरला त्यात तोटा होतो हे खरं, पण कोर्टकचेरीत अडकलेल्या एका पावसाळ्याचं व्याज त्याहून जास्त असतं आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त हे बोलणं दीडशे सह्या त्याच्या हातात पडायच्या आधी व्हायला हवं. नंतर तो चहासुद्धा विचारणार नाही.

म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर. बाबांच्या सहीने काकांची बाजू कमजोर होते का, तर एकट्या बाबांच्या सहीने नाही, सगळ्या बाबांच्या सह्या झाल्या की होते. वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून एकच मागण्यांचं पत्र द्या. त्यात घराचा कार्पेट, कॉर्पस, भाड्याचे ॲडव्हान्स चेक किंवा बँक गॅरंटी, आणि दुकानांची जागा नकाशावर नंबर टाकून. तो नकाशा संमतीपत्राला जोडायचा, नुसता ब्रोशरमध्ये नाही. पुढे पर्यायी जागेचं ॲग्रीमेंट रजिस्टर होईल त्यात पण तोच नंबर, तीच लेव्हल. आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंट हातात आल्याशिवाय कोणीही घर किंवा दुकान खाली करू नका, कितीही गोड बोलला तरी. महारेरात (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) सेलच्या फ्लॅटची नोंदणी असते, रिहॅबच्या घरांना ते कवच नाही, तुमचं कवच म्हणजे ते ॲग्रीमेंटच.

अजून एक, पागडी तुमच्या आजोबांच्या काळातली म्हणताय ते बरंय, १३ जून १९९६ नंतर तयार झालेली टेनन्सी धरत नाहीत. पण भाडेपावती आत्ता कोणाच्या नावावर निघते ते बघा. आजोबांच्याच नावावर असेल तर वारसांचं नाव लावून घ्यायला आजच लागा, रिपेअर बोर्डाची यादी बनताना घरातच भांडणं लागतात ती यावरूनच.

गिरणीवाला_गिरगाव

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. घरी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले फॉर्म सध्या देत नाही, आधी पत्र जाऊ दे. काकांना लालबागवाल्या दादांचं "तोंड मागा" एकदम पटलं, काल दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. पावती बघितली, गिरणीची खरंच अजून आजोबांच्या नावावर आहे. काका आणि आत्या दोघंही वारस आहेत, आत्या सुरतला, तिच्याशी बोलणं चालू आहे पण त्याबद्दल इथे नको.

३३(७) की ३३(९) हे विचारलं तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "दोन्ही ऑप्शन ओपन आहेत." म्हणजे चार हजार मीटर अजून जमलेलं नाही असंच ना? कारण शेवटच्या चाळीचा मालक ऐकत नाहीये असं वाडीत बोलतात.

अजून एक शंका. गिरणीला थ्री फेज लागतो आणि यंत्राचा हादरा असतो. रस्त्याच्या लेव्हलला गाळा दिला आणि नंतर वरच्या ऑफिसवाल्यांनी आवाजाची तक्रार केली तर? चालू धंदा त्याच जागी चालवायचा हक्क लिहून घेता येतो का?

नकाशेवाला_ठाणे

हो, जमीन जमलेली नाही असंच समजा. त्या मालकाकडे लक्ष ठेवा, योजना त्याच्यावर अडलीय.

गिरणीचं येतं लिहून. गाळ्याच्या वर्णनात "पिठाची गिरणी" असा वापर टाका, नुसतं "कमर्शियल" किंवा "शॉप" नको. सोबत किती किलोवॅटचा लोड हवा तो आकडा, यंत्रासाठी वेगळा फाउंडेशन ब्लॉक, आणि धूळ बाहेर काढायला डक्ट कुठून जाणार ते नकाशात दाखवून घ्या. गाळा शक्यतो पोडियमच्या स्लॅबवर नको, जमिनीवर टेकलेला हवा आणि खाली बेसमेंट नको. आत्ताचं लायसन्स आणि लाइट बिल चालू ठेवा, दोन्हींवर नाव आणि पत्ता एकच आहे ना ते तपासा.

लालबाग_स्टेशनरी

आणि शटरची वेळ. सोसायटीच्या नियमात नऊ वाजता बंद असलं काही घुसवू देऊ नका. दिवाळीच्या आधी भाजणीची रांग रात्री दहापर्यंत असते ना तुमच्याकडे?

गिरणीवाला_गिरगाव

साडेदहा.